पदवीदानाचा पाहुणा वादात सापडला तर: अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठी

मार्चमध्ये, स्प्रिंग ब्रेकच्या आगेमागे, विद्यापीठाच्या अध्यक्षांची मेल येते: मे महिन्याच्या पदवीदानाला प्रमुख वक्ते म्हणून अमुक अमुक येणार. बहुतेक जण नाव वाचतात आणि थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडायला उतरतात. मेल शेवटपर्यंत वाचा. नावाखालच्या परिच्छेदात दोन गोष्टी शोधायच्या: पाहुण्यांना मानद पदवी देणार आहेत का, आणि त्याच व्यासपीठावर आणखी कुणाला पदक वगैरे मिळणार आहे का. माइक, पदवी आणि पदक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भांडण पेटतं ते बहुतेक वेळा पदवीवरून, आणि पुढच्या दोन महिन्यांत काय मागता येईल हेही त्यावरच ठरतं.

मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांनी त्याहीआधी एक गोष्ट तपासावी. तो वक्ता तुमच्या समारंभात आहे का? मोठ्या विद्यापीठांत ग्रॅज्युएट स्कूलचा समारंभ बऱ्याचदा वेगळा असतो, वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या वक्त्यासह. ज्या भाषणाला आपण जाणारच नाही त्यावरून रूममेटशी अबोला धरण्यात काही हशील नाही.

वाद नेमका कशाचा असतो

नमुना म्हणून इंडियाना राज्यात साउथ बेंडजवळच्या नोटर डेम विद्यापीठाचं २००९ साल घेऊ. (पॅरिसचं ते नोत्र दाम, इथे नोटर डेम म्हणायचं, नाहीतर टॅक्सीवाल्यालाही कळत नाही.) २० मार्चला जाहीर झालं की राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा १७ मेला बोलतील आणि त्यांना कायद्याची मानद डॉक्टरेट दिली जाईल. ओबामा गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे, चर्चची शिकवण नेमकी उलट. मधल्या ५८ दिवसांत स्थानिक बिशप जॉन डार्सी यांनी आपण समारंभाला येणार नसल्याचं कळवलं. ऐंशीहून अधिक बिशपांनी जाहीर नापसंती दाखवली. कार्डिनल न्यूमन सोसायटी या संस्थेच्या अर्जावर साडेतीन लाखांहून जास्त सह्या पडल्या. तरीही ओबामा आले, बोलले आणि पदवी घेऊन गेले.

दोन्ही बाजू ज्या वाक्यावर अडल्या होत्या ते अमेरिकेच्या बिशपांच्या २००४ सालच्या निवेदनातलं आहे. त्याचा आशय असा: चर्चच्या मूलभूत नैतिक तत्त्वांना धाब्यावर बसवणाऱ्यांचा कॅथलिक संस्थांनी सन्मान करू नये, त्यांच्या कृतींना पाठिंबा आहे असं सूचित होईल असे पुरस्कार, सन्मान किंवा व्यासपीठ त्यांना देऊ नये. वादाच्या वेळी हे वाक्य अर्धंच फिरत असतं. 'व्यासपीठ' हा शब्द सगळ्यांना दिसतो, 'पाठिंबा सूचित होईल असे' हे कुणाला दिसत नाही. विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांचं म्हणणं होतं की निवेदनाचं शीर्षकच 'राजकीय जीवनातील कॅथलिक' असं आहे, ओबामा कॅथलिक नाहीत, तेव्हा हा नियम त्यांना लागू होत नाही. बिशप डार्सींचं उत्तर होतं की अर्थाबद्दल शंका होती तर आधी मला विचारायचं. प्रामाणिकपणे पाहिलं तर बिशपांचा हा मुद्दा बळकट होता. आमंत्रण देऊन झाल्यावर नियमाचा अर्थ लावायला बसलं की तो अर्थ कुणाला पटत नाही.

पाहुणा कॅथलिक नाही ही पळवाट प्रत्येक वेळी मिळतही नाही. २०१३ मध्ये बॉस्टन कॉलेजने आयर्लंडचे पंतप्रधान एन्डा केनी यांना बोलावलं. ते स्वतः कॅथलिक, आणि त्यांचं सरकार तेव्हा गर्भपाताविषयीचं विधेयक आणत होतं. बॉस्टनचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल शॉन ओमॅली समारंभाला गेले नाहीत.

माइक आणि पदवी वेगळी करता येते याचं उदाहरण त्याच २००९ च्या मे महिन्यात घडलं. ॲरिझोना स्टेट या सरकारी विद्यापीठाने ओबामांना भाषणाला बोलावलं, पण मानद पदवी दिली नाही. त्यांचं कारण धर्माशी संबंधित नव्हतं, आणि त्या निर्णयावर टीकाही भरपूर झाली. तरी 'भाषण ठेवा, पदवी नको' ही मागणी अशक्य नसते एवढं त्यावरून कळतं.

बिशप कार्यक्रम रद्द करू शकतात का, हा प्रश्न भारतातून फोन करणारे नातेवाईक हमखास विचारतात. बहुतेक विद्यापीठांत नाही. नोटर डेम १८४२ मध्ये होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी स्थापन केलं. १९६७ पासून कारभार विश्वस्त मंडळाकडे आहे आणि स्थानिक बिशपांना त्या पदामुळे तिथे मत मिळत नाही. 'कॅथलिक' हे नाव लावायला मात्र चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्माधिकाऱ्यांची संमती लागते. हे हत्यार फार मोठं असल्यामुळे सहसा म्यानातच राहतं. लहान कॉलेजांची गोष्ट निराळी. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲना मारिया कॉलेजने २०१२ मध्ये सिनेटर एडवर्ड केनेडींच्या पत्नी व्हिक्टोरिया केनेडी यांना दिलेलं आमंत्रण स्थानिक बिशपांच्या आक्षेपानंतर मागे घेतलं. तेव्हा आधी आपलं विद्यापीठ धर्मप्रांतावर किती अवलंबून आहे ते बघा आणि मग आशा किंवा भीती बाळगा.

हे सगळं आपल्याला नवीन वाटायचं कारण नाही. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावून ते आमंत्रण मागे घेतलं गेलं. मांडवात काही बायका सहगलांचे मुखवटे लावून बसल्या. आमंत्रण देणं सोपं आणि मागे घेणं महाग, हे संमेलनाच्या आयोजकांना विचारावं.

हॉलमध्ये राहता तेव्हा

कॅथलिक विद्यापीठात हा वाद वर्तमानपत्रातून आत येतो तसा जिन्यातून आणि जेवणाच्या टेबलावरूनही येतो. नोटर डेममध्ये फ्रॅटर्निटी किंवा सोरोरिटी (मुलांचे आणि मुलींचे खासगी क्लब) नाहीत. पदवीपूर्व विद्यार्थी मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या हॉलमध्ये, म्हणजे वसतिगृहात राहतात, प्रत्येक हॉलमध्ये चॅपेल असतं, रविवारी रात्री तिथे मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) होते. मुलांच्या हॉलमध्ये मुलींनी आणि मुलींच्या हॉलमध्ये मुलांनी थांबण्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. त्याला 'पॅरायटल्स' म्हणतात, आणि हा नियम मोडला तर प्रकरण शिस्तपालन कार्यालयात जातं. ज्याच्याशी वाद घालायचा तो माणूस रात्री दहाला त्याच बेसिनवर दात घासायला येणार आहे, हे धरून चाला.

म्हणून काही व्यवहारी गोष्टी. हॉलच्या सामाईक ग्रुपवर पाहुण्याविषयी काही टाकू नका, समोरासमोर बोला. मिस्सेनंतर फादर दारात उभे असतात, त्यांना थेट विचारा: "तुम्हाला काय वाटतं?" त्यांची मतं हॉलगणिक वेगळी निघतील. २००९ मध्ये हॉलमधले धर्मगुरू, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी अशा सगळ्या थरांत दोन्ही बाजूंचे लोक होते. 'चर्चचं मत' आणि 'कॅथलिकांचं मत' यांत केवढं अंतर आहे ते अशा पाच मिनिटांत जेवढं कळतं, तेवढं इंटरनेटवर महिनाभर वाचून कळत नाही.

कॅथलिक नसलेल्या विद्यार्थ्यांना मिस्सेची सक्ती नसते, आणि यायला मज्जावही नसतो. गेलात तर इतर उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकायची गरज नाही. सगळे रांगेने पुढे जातात तेव्हा पवित्र भाकर घ्यायची नाही, ती प्रसादासारखी सगळ्यांना वाटायची वस्तू नव्हे. रांगेत जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवा, फादर आशीर्वाद देतात. पदवीदानाच्या आदल्या संध्याकाळी मोठी मिस्सा असते. आई-बाबांना नेणार असाल तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा. वसई-उत्तनकडच्या घरांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांच्या घरी हमखास घोटाळा होतो: बाबा रांगेत जातात, हात पुढे करतात, आणि भाकर खिशात घालून "घरी सगळ्यांना देऊ" म्हणतात.

लिहायचं असेल तर

पहिल्या दहा दिवसांत लिहा. चाळिसाव्या दिवशीचं पत्र अध्यक्षांच्या कार्यालयात गठ्ठ्यात जातं.

लाखोंच्या ऑनलाइन अर्जावर सही करण्यात वाईट काही नाही, पण त्यातून फारसं काही निघत नाही. विद्यापीठाला त्या सह्यांत आपली माणसं कोण ते ओळखता येत नाही. २००९ मध्ये 'द ऑब्झर्व्हर' या विद्यार्थ्यांच्या दैनिकाकडे आलेल्या पत्रांत माजी विद्यार्थी बहुसंख्येने विरोधात होते आणि त्या वर्षी पदवी घेणारे जवळजवळ सगळे बाजूने. ही फूट अर्जावरच्या सह्यांत दिसली नसती, पत्रांत दिसली, कारण पत्राखाली नाव आणि वर्ष होतं.

पत्र अडीचशे ते तीनशे शब्दांचं ठेवा. पहिल्या वाक्यात तुम्ही कोण, कोणत्या शाखेत, कोणत्या वर्षी पदवी घेणार ते. दुसऱ्या वाक्यात आक्षेप किंवा पाठिंबा कशाला: भाषणाला, पदवीला की दोन्हीला. मग एकच कारण, नीट मांडलेलं. शेवटी एक मागणी, जी होकार मिळाला तर उद्या करता येईल. 'आमंत्रण रद्द करा' ही मागणी जवळजवळ कधीच मान्य होत नाही, आणि ती फेटाळली की संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी मागता येण्यासारखं बरंच आहे: मानद पदवीच्या सन्मानपत्रातली भाषा काय असेल ते दाखवा, विद्यापीठाचं स्वतःचं मत अध्यक्षांच्या भाषणात स्पष्ट येऊ द्या, समारंभाच्या वेळी समारंभाला न येणाऱ्यांना कॅम्पसवर अधिकृत जागा द्या. २००९ मध्ये जेन्किन्स यांनी व्यासपीठावरून मतभेदाचा उल्लेख केला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर विद्यापीठाचा कार्यगट आला आणि जानेवारी २०१० मध्ये ते स्वतः वॉशिंग्टनच्या गर्भपातविरोधी मोर्चात विद्यार्थ्यांबरोबर चालले. आमंत्रण हललं नाही, आजूबाजूचं बरंच हललं.

शिवीगाळ, सगळ्या कॅथलिकांवर किंवा सगळ्या डेमोक्रॅट-रिपब्लिकनांवर शेरा, आणि तीन पानं: या तीन गोष्टींनी पत्र मरतं. तिसरी सगळ्यात जास्त वेळा.

निषेध करायचा असेल तर

इथे आपल्याकडच्या मुलांची सर्वांत मोठी चूक होते. अमेरिकेत भाषणस्वातंत्र्य आहे, तेव्हा कुठेही फलक घेऊन उभं राहता येईल, असं वाटतं. घटनेतला तो हक्क सरकारचे हात बांधतो. खासगी विद्यापीठ म्हणजे सरकार नव्हे. त्याच्या हद्दीत त्याचे नियम चालतात. सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या मित्राचा सल्ला इथे कामाचा नाही.

नोटर डेमच्या विद्यार्थी-नियमावलीत निदर्शनांविषयी मोजके नियम आहेत: आधी लेखी नोंद करायची, निदर्शन शांत आणि शिस्तीत हवं, ते आयोजित करणारे आणि पुढे असणारे विद्यापीठातलेच हवेत, इतरांच्या कामात अडथळा नको. इतर कॅथलिक विद्यापीठांचे नियम थोड्याफार फरकाने असेच असतात, पण आपलं पान उघडून वाचा. नोंद किती दिवस आधी लागते ते विशेष पाहा. परीक्षेचा आठवडा आणि पदवीदानाचा आठवडा यांना अनेक ठिकाणी वेगळे निर्बंध असतात.

'विद्यापीठातलेच' हा शब्द किती वजनाचा आहे ते १७ मे २००९ ला एकाच दिवशी दिसलं. विद्यार्थी गटांच्या 'एनडी रिस्पॉन्स' (एनडी म्हणजे नोटर डेम) या आघाडीने साउथ क्वाड या मोठ्या हिरवळीवर रीतसर परवानगीने सभा घेतली. काही हजार लोक आले, आणि समारंभाला न गेलेले बिशप डार्सी तिथे आले. पदवी घेणाऱ्यांतला एक लहान गट त्याच वेळी लूर्दच्या गुहेच्या प्रतिकृतीपाशी, ज्याला तिथे 'ग्रोटो' म्हणतात, प्रार्थनेला बसला. कुणालाही अटक झाली नाही. दुसरीकडे बाहेरून आलेले कार्यकर्ते फलक आणि बाहुल्या ढकलगाड्यांत घालून विनापरवानगी हद्दीत शिरत होते. त्या दिवसांत असे अठ्ठ्याऐंशी जण पकडले गेले. 'रो विरुद्ध वेड' या गर्भपाताच्या हक्काच्या गाजलेल्या खटल्यातल्या रो, म्हणजे नॉर्मा मॅकॉर्वी, त्यांत होत्या. खटले दोन वर्षं रेंगाळले आणि २०११ मध्ये मागे घेतले गेले. म्हणणं दोन्हीकडे एकच होतं. विद्यापीठाला ऐकून घ्यावं लागलं ते हिरवळीवरच्यांचं.

बाहेरचा गट तुम्हाला हाताशी धरायला येईल. त्यांना कॅम्पसच्या आतलं कुणीतरी हवं असतं. त्यांचं टीशर्ट घालू नका, त्यांच्या बसमधून फाटकातून आत येऊ नका आणि त्यांच्या अर्जावर 'स्थानिक आयोजक' म्हणून नाव देऊ नका.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर थोडं जास्त काटेकोर राहा. इंडियानात विनापरवानगी हद्दीत शिरण्याचा गुन्हा ए वर्गाचा 'मिसडिमीनर' (कमी गंभीर गटातला गुन्हा) आहे: कमाल एक वर्ष कैद आणि पाच हजार डॉलर दंड. आरोप मागे घेतला गेला तरी प्रश्न संपत नाही, कारण पुढच्या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात 'कधी अटक झाली होती का' असा प्रश्न आहे, नुसतं 'शिक्षा झाली होती का' असा नाही. विद्यापीठाची शिस्तभंगाची चौकशी वेगळी चालते आणि ती पूर्ण होईपर्यंत पदवी रोखून ठेवता येते. २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, हेही लक्षात असू द्या. नोंद झालेल्या शांत सभेत उभं राहणं आणि फाटकावर पोलिसांनी 'निघा' म्हटल्यावरही उभं राहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोलिसांनी निघायला सांगितलं की निघायचं. बरोबर कोण ते नंतर पत्रात भांडायचं. शंका असेल तर समारंभाच्या दोन आठवडे आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. ते तुमचं मत विचारत नाहीत, नियम सांगतात.

सगळ्यात कमी जोखमीचा आणि सगळ्यात जास्त फोटोंत येणारा निषेध म्हणजे टोपी. २००९ मध्ये काही पदवीधरांनी चौकोनी टोपीवर पिवळा क्रॉस आणि बाळाची पावलं लावली, काहींनी ओबामांच्या प्रचाराचं चिन्ह. टोपीची पाटी साधारण साडेनऊ इंच चौरस असते. जाड कार्डशीट नऊ इंचांची कापा, म्हणजे कडा दुमडत नाहीत. मध्यभागी गोंड्याचं बटण असतं. तिथे एक इंचाचं भोक पाडा आणि भोकापासून एका कडेपर्यंत चीर द्या, म्हणजे गोंडा न काढता कागद बसवता येतो. भाड्याची टोपी असेल तर गरम गोंद अजिबात वापरायचा नाही, चार कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टी पुरते. वरून दिसण्यासारखं करायचं असेल तर अक्षरं दीड इंचाहून लहान नको आणि शब्द तीनपेक्षा जास्त नकोत. मराठीत लिहिलंत तर शिरोरेषा जाड काढा, लांबून तीच आधी दिसते. चकाकीची पूड टाळा: मेमधल्या उन्हात घामाबरोबर ती कपाळावर उतरते आणि सगळ्या फोटोंत दिसते. सजावटीला मनाई आहे का ते आधी बघा, काही ठिकाणी असते.

उठून जायचं असेल तर

२१ मे २०१७ ला नोटर डेमच्या स्टेडियममध्ये उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स बोलायला उभे राहिले तेव्हा शंभरावर विद्यार्थी शांतपणे उठून बाहेर गेले. ही गोष्ट त्यांनी आधी जाहीर केली होती, विद्यापीठाने अडवलं नाही, भाषण चालू राहिलं, अटक शून्य. उठून जाण्याचं तंत्र याहून चांगलं कुणी दाखवलेलं नाही.

करायचं असं. आधी वेळापत्रक मिळवा आणि नावं पुकारून पदवीपत्र कुठे देतात ते पाहा. अनेक मोठ्या विद्यापीठांत मुख्य समारंभात पदव्या एकगठ्ठा जाहीर होतात आणि नाव पुकारणं कॉलेजच्या वेगळ्या कार्यक्रमात होतं. मग उठून गेल्याने आईला हवा असलेला तो एक क्षण जात नाही. जिथे एकच समारंभ आहे तिथे हिशेब निराळा, आणि तो आईशी बोलूनच करायचा. बसायच्या जागा शाखेप्रमाणे असतील तर रांगेच्या टोकाची जागा मागून घ्या. मधून निघताना वीस जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागतं आणि गंभीर निषेधाचा तमाशा होतो. वक्ता उभा राहिला, टाळ्या संपल्या, पहिलं वाक्य सुरू झालं की उठा. त्याआधी उठलात तर स्वच्छतागृहाला चाललात असं वाटतं, दहा मिनिटांनी उठलात तर कंटाळलात असं. घोषणा नको, फलक नको. बाहेर जमायची जागा आधी ठरवा, आणि पुन्हा आत सोडणार नाहीत हे धरूनच पाणी आणि फोन बरोबर ठेवा.

न उठता पाठ फिरवून उभं राहणं हा दुसरा प्रकार. २००६ मध्ये बॉस्टन कॉलेजात परराष्ट्रमंत्री कॉन्डोलीझा राइस यांच्या वेळी काहींनी तो केला. छायाचित्रात उत्तम दिसतो, पण मागच्या रांगेतल्या आजी-आजोबांना तुमच्या पाठीखेरीज काही दिसत नाही, आणि त्यांचा राग वक्त्यावर निघत नाही.

ओरडणं कधीही चालत नाही. २००९ मध्ये सभागृहात तीन-चार जण ओरडले, त्यांना बाहेर काढलं, आणि पदवीधरांनी 'वी आर एनडी'च्या घोषणांनी त्यांचा आवाज बुडवला. बाहेरच्यांचा ओरडा म्हणजे आपल्या दिवसावर पाणी, असं त्या मुलांना वाटलं. अशा वेळी तुम्ही त्यांच्या बाजूचे असलात तरी त्यांच्यात मोजले जाता.

आई-बाबा येणार असतील तर

राष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्ष येणार असले की तपासणी सिक्रेट सर्व्हिसकडे जाते. विमानतळासारखी चौकट, बॅगा नको, छत्र्या नको. दरवाजे उघडायच्या वेळेला पोहोचा, कार्यक्रमाच्या वेळेला नको. दोन-तीन तास आधी हे धरून चाला. मधुमेह असलेल्यांनी सकाळी पोट भरून खाऊन निघावं, गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह खिशात ठेवाव्यात. डब्यातली थालीपिठं दारातच फेकावी लागतात, आणि ते बघवत नाही. इंडियानात मे महिन्यात सकाळी स्वेटर लागतं आणि दुपारी डोकं तापतं. उघड्या स्टेडियमसाठी पातळ शाल आणि टोपी दोन्ही घ्या.

तुम्ही काय करणार आहात ते त्यांना आठवडाभर आधी सांगा. गर्दीत आपला मुलगा अचानक उठून जाताना पाहिला की आई पहिल्यांदा विचार करते त्याला बरं नाही का असा, आणि तीही उठते. त्यांनी काय करायचं तेही ठरवा: बसून राहायचं. वक्त्याला टाळ्या वाजवायच्या की नाही हे त्यांच्यावर सोडा. बाबांना ओबामा आवडत असतील किंवा पेन्स, त्यांनी तिकिटाचे पैसे भरले आहेत.

निवड समितीवर असाल तर

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून समितीत बसायची वेळ आली तर तीन प्रश्न आमंत्रण जाण्याआधी विचारा. बिशपांना कोण आणि कधी कळवणार? मानद पदवी आपोआप जोडलेली आहे का, आणि ती वगळता येते का? आणि वाद झाला तर उत्तर कोण देणार?

नोटर डेमची सर्वांत महागडी चूक तिसऱ्या प्रश्नात झाली. टीका वाढल्यावर विद्यापीठाने आपल्या बाजूचे मुद्दे फिरवले. त्यांत असं होतं की एकटे ओबामाच बोलणार नाहीत, विद्यापीठाचं लेटारे पदक घेणाऱ्या मेरी ॲन ग्लेंडनही बोलणार आहेत. ग्लेंडन या हार्वर्डच्या कायद्याच्या प्राध्यापक, व्हॅटिकनमधल्या अमेरिकेच्या माजी राजदूत आणि गर्भपातविरोधी विचारांच्या. आपलं भाषण तराजूतलं वजन म्हणून वापरलं जातंय हे लक्षात येताच त्यांनी २७ एप्रिलला पदक नाकारलं. १८८३ पासून चालत आलेलं ते पदक त्या वर्षी कुणालाच दिलं गेलं नाही. त्या जागी आधीचे मानकरी, न्यायमूर्ती जॉन नूनन बोलले. एका पाहुण्याचा समतोल दुसऱ्या पाहुण्याने साधायचा असेल तर त्या दुसऱ्याला आधी विचारा. नाहीतर दोन्ही जातात.

आणि वाद फक्त एकाच दिशेने येतो असं समजू नका. २००३ मध्ये जॉर्जटाउनमध्ये कार्डिनल फ्रान्सिस अरिंझे यांनी कुटुंबावर बोलताना समलैंगिकतेवर टीका केली तेव्हा काही विद्यार्थी उठून गेले. २०२४ च्या मेमध्ये कॅन्ससच्या बेनेडिक्टाइन कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू हॅरिसन बटकर स्त्रियांनी करिअर आणि गृहिणीपण यांत काय निवडावं यावर बोलले, आणि कॉलेजच्या सहसंस्थापक असलेल्या मठातल्या सिस्टर्सनीच जाहीर केलं की हे आमचं म्हणणं नाही. आमंत्रणाच्या वेळी कुणाचा आक्षेप नसला तरी भाषणानंतर येऊ शकतो. भाषण बारा-पंधरा मिनिटांचं असावं असं पत्रात लिहून घ्या. मजकूर आधी मागणं बरं दिसत नाही, वेळ मागणं दिसतं.

संध्याकाळी

टोपीवरची कार्डशीट काढून टाका, भाड्याचा गाऊन आणि टोपी त्याच दिवशी परत करायची असेल तर रांग लांब असते. समारंभात चाललात म्हणजे पदवी मिळाली असं नाही. रजिस्ट्रारच्या नोंदीत पदवी चढली का ते आठवड्याभरात बघा. ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या परवानगीचा अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेवरून मोजतात, समारंभाच्या तारखेवरून नाही: ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत.

नोटर डेमच्या मुख्य इमारतीच्या समोरच्या पायऱ्या विद्यार्थी पदवी मिळेपर्यंत चढत नाहीत, अशी जुनी रीत आहे. त्या दिवशी सोनेरी घुमटाखाली त्या पायऱ्यांवर सगळ्यांची फोटोसाठी गर्दी होते, उठून गेलेल्यांची आणि बसून राहिलेल्यांचीही. उन्हं पश्चिमेला कलली की लोक जेवायला पांगतात आणि पायऱ्या मोकळ्या होतात. आईची साडी नीट करायला तेव्हाच वेळ मिळतो.